जुना संगणक, नवा कारभार

तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात जावे. यंत्र मंदावले, अडखळू लागले किंवा चालू होता होता पडदा निळा करून थांबले, की त्यावरचा उपाय एकाच वाक्यात ऐकू येतो : 'फॉरमॅट मारून ठेवतो, संध्याकाळी घेऊन जा.' हा शब्दप्रयोग आता मराठीत इतका रूढ झाला आहे, की त्यात दोन अगदी भिन्न कामे एकत्र बांधलेली आहेत याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पहिले काम डिस्कवर जे असेल ते पुसण्याचे, आणि दुसरे त्या मोकळ्या जागी ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने बसविण्याचे. या दोहोंच्या आधी करावयाचे जे तिसरे काम, म्हणजे आत काय काय आहे याची शांतपणे मोजदाद करणे, त्याचा तर त्या वाक्यात मागमूसही नसतो. आणि आजवर ज्या ज्या लोकांना मी डोळ्यांत पाणी आणून बसलेले पाहिले आहे, त्यांचे नुकसान पहिल्या दोन कामांतील चुकीमुळे नव्हे, तर या तिसऱ्याच्या विस्मरणामुळे झालेले होते.

म्हणून या प्रकरणासाठी मी जे उदाहरण घेतले आहे ते प्रत्यक्ष हाताखालून गेलेले आहे. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेली जी लहान लहान वाचनालये गावोगाव आहेत, त्यांपैकी एका वाचनालयात २०१० साली घेतलेला एक डेस्कटॉप होता. प्रोसेसर कोअर टू ड्युओ, रॅम २ जीबी, हार्ड डिस्क ३२० जीबी, आणि त्यावर ३२ बिटांची विंडोज ७. सकाळी वाचनालय उघडताच ग्रंथपालबाई आधी त्याचे बटण दाबीत, मग केर काढीत, वर्तमानपत्रे लावीत, आणि ती लावून होईपर्यंत यंत्र कसेबसे जागे झालेले असे. यादीतले एखादे पुस्तक शोधावे तर वाचक कंटाळून स्वतःच कपाटाकडे वळे. बाई मला एवढेच म्हणाल्या, "सर, नव्याने काय टाकायचे ते टाका, पण आमची यादी तेवढी जाऊ देऊ नका. बारा वर्षे बसून टाइप केली आहे."

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, हे समजावून घेण्यास आपल्या जुन्या राज्यव्यवहारातला कारभारी डोळ्यांसमोर आणावा. रयतेने परभारे खजिन्याला हात लावावयाचा नसतो. अर्ज कारभाऱ्याकडे यावयाचा, त्याने तो पाहून कोठारातून धान्य, पागेतून घोडा किंवा दप्तरातून कागद देववावयाचा, आणि दोघांनी एकच वस्तू मागितली तर कोणाला आधी द्यावयाची हेही त्यानेच ठरवावयाचे. टंकलेखनाचा, हिशेबाचा किंवा इंटरनेट पाहण्याचा प्रत्येक प्रोग्राम असाच अर्जदार असतो; त्याला रॅममधील जागा, डिस्कवरील फाइल, पडदा, कळफलक, छपाईयंत्र यांपैकी काहीही हवे असल्यास ते ऑपरेटिंग सिस्टीमकडेच मागावे लागते. वर्षानुवर्षे नवनवे प्रोग्राम बसविले आणि काढले जातात, काढलेल्यांचे अवशेष मागे राहतात, यंत्र सुरू होताच आपणही सुरू व्हावे अशी व्यवस्था अनेक प्रोग्राम परस्पर करून ठेवतात, आणि अशा रीतीने जो कारभार आरंभी चोख होता तो हळूहळू गुंतून जातो. कारभारी बदलावयाचा तो यासाठी. परंतु कारभारी आणि कोठार यांत भेद आहे. नव्या माणसाने सूत्रे हाती घेण्यापूर्वी जुन्याच्या ताब्यातील जिन्नसाची याद करून घेणे ही जशी राज्यव्यवहाराची रीत, तशीच ती येथेही आहे.

मंदपणाचे दुसरे एक कारण मात्र कारभाराचे नसून यंत्राच्या रचनेतच असते, आणि ते ओळखल्यावाचून नुसती नवी सिस्टीम बसविली, तर चार दिवसांचे समाधान मिळून पुन्हा तीच रडकथा सुरू होते. रॅम अपुरी पडली की सिस्टीम तेथला काही मजकूर तात्पुरता डिस्कवर नेऊन ठेवते आणि गरज पडेल तेव्हा परत आणते. डेस्कटॉपमधली नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून थोडा अधिक काळ लागतो. वाचणारे टोक योग्य वर्तुळावर सरकेपर्यंत आणि हवा तो भाग फिरत फिरत त्याच्याखाली येईपर्यंत दहा-बारा मिलिसेकंद सहज जातात. एका खेपेला हे काहीच नव्हे, पण अशा हजारो खेपा एकामागून एक पडू लागल्या म्हणजे माणसाला मिनिटे मोजावी लागतात. ज्यात फिरणारा भाग मुळीच नाही अशा एसएसडीमध्ये हीच खेप मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास उरकते. म्हणून वाचनालयाच्या समितीला मी आग्रहाने सांगितले, की नवी डिस्क घ्या, २४० जीबीची पुरे, आणि रॅम २ जीबीची ४ जीबी करा. जुन्या यंत्रावर पैसा खर्च करावयाचा झाल्यास तो याच दोन ठिकाणी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नव्या डिस्कचा दुसरा लाभ याहूनही मोठा : जुनी डिस्क पुसण्याचा प्रसंगच येत नाही.

आता त्या मोजदादीकडे वळू. सामान्यतः लोक 'माय डॉक्युमेंट्स' आणि डेस्कटॉप यांची नकल घेतात आणि काम झाले असे समजतात. वस्तुतः ब्राउझरमधल्या खुणा, दुकानदाराच्या टॅलीचा डेटा ठेवलेला स्वतंत्र फोल्डर, आउटलुक वापरणाऱ्यांच्या साऱ्या पत्रव्यवहाराची पीएसटी नावाची फाइल, खोक्यावर चिकटविलेल्या पट्टीवरील विंडोजच्या सनदेचा पंचवीस अक्षरांचा क्रमांक, ही सारी मालमत्ता निरनिराळ्या कोपऱ्यांत विखुरलेली असते. ज्यांना पुन्हा विंडोजच बसवावयाची असेल त्यांनी नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावा. तो नसला तर इंटरनेट चालत नाही, आणि इंटरनेट नसले तर तो मिळत नाही.

परंतु मराठीत काम करणाऱ्याच्या संगणकात याखेरीज एक अशी वस्तू असते, की जिचे मोल तिच्या अभावीच कळते. ती वस्तू म्हणजे फॉन्ट. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तीत देवनागरीला स्थान होते. तथापि ते संकेत घरोघरीच्या संगणकांत रुळेपर्यंत बराच काळ जावा लागला. विंडोज एक्सपीमध्येदेखील देवनागरीची जोडाक्षरे नीट दिसावीत म्हणून मूळ सीडी घालून त्यासाठीच्या फाइली वेगळ्या बसवाव्या लागत. या मधल्या काळात, आणि छापखान्यांत तर त्यानंतरही पुष्कळ वर्षे, मराठी मजकूर ज्या फॉन्टांत टाइप होत असे त्यांची युक्ती साधी होती : संगणकाच्या लेखी रोमन अक्षरेच साठवावयाची, मात्र त्या अक्षरांच्या जागी देवनागरीची वळणे काढून ठेवलेला फॉन्ट लावावयाचा. पडद्यावर 'क' दिसतो, पण फाइलमध्ये असतो एखाद्या रोमन अक्षराचा किंवा विरामचिन्हाचा क्रमांक. तो विशिष्ट फॉन्ट यंत्रात आहे तोवर सारे सुरळीत चालते. सिस्टीम नव्याने बसली, फॉन्ट गेला, की फाइल जशीच्या तशी शाबूत असूनही तिच्यात रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा अर्थशून्य खच दिसू लागतो. फॉन्टांचा फोल्डर विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात असल्यामुळे नकल घेताना तो हमखास सुटतो. माझ्या परिचयातील एका वृद्ध लेखकाच्या सात वर्षांच्या लिखाणाची हीच अवस्था झाली होती, आणि ज्याने यंत्र पुसून दिले त्याला आपण काही गमावले आहे याची जाणीवही नव्हती, कारण त्याने एकूण एक फाइल जपली होती.

वाचनालयाच्या यादीत हाच प्रकार निघाला. पहिल्या काही वर्षांची पुस्तके एका फॉन्टात, पुढची दुसऱ्या फॉन्टात, आणि अलीकडची युनिकोडमध्ये, अशी तीन अमदानींची नोंद एकाच फाइलमध्ये एकाखाली एक नांदत होती. म्हणून आम्ही फाइलींबरोबर फॉन्टांचा अख्खा फोल्डर उचलला, कोणत्या पानापासून कोणता फॉन्ट लागतो हे कागदावर लिहिले, आणि खात्रीसाठी संपूर्ण यादीची एक प्रत छापून घेतली. नकला दोन केल्या, आणि प्रत्येक नकल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली. न उघडलेली नकल ही नकल नव्हे, हा नियम मी कटाक्षाने पाळतो.

कारभारी कोणता नेमावा, हा पुढचा प्रश्न. विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली आणि विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती या यंत्रात नव्हती. आणि विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांना प्रोसेसरच्या ज्या आज्ञांची गरज आहे त्या कोअर टू ड्युओला मुळातच ठाऊक नाहीत. चोरवाटांनी ती बसविण्याचे मार्ग सांगणारे लोक पुष्कळ भेटतात, पण सार्वजनिक संस्थेच्या यंत्रावर असली तजवीज करणे मला मान्य नाही. राहिला लिनक्स. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये आरंभिलेल्या या कार्यातून ज्या अनेक शाखा निघाल्या, त्यांतील डेबियन ही १९९३ पासून चालत आलेली, स्वयंसेवकांनी जोपासलेली आणि कोणत्याही कंपनीच्या मालकीची नसलेली शाखा आम्ही निवडली. तिची तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली. त्या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या जुन्या प्रोसेसरांवर ती नव्याने बसविता येत नाही. परंतु कोअर टू ड्युओ हा मुळात ६४ बिटांचा प्रोसेसर आहे, त्यावर ३२ बिटांची विंडोज घातलेली होती एवढेच. एक्सएफसीई नावाचे हलके दर्शनी रूप घेतले म्हणजे ४ जीबी रॅममध्ये तिचा संसार सुखाने चालतो. ज्या कचेरीचे काम एखाद्या खास विंडोजच्याच प्रोग्रामावर अडलेले असेल तिला हा सल्ला मी देणार नाही. वाचनालयाला यादी, पत्रे, छपाई आणि इंटरनेट याखेरीज काही नको होते.

बसविण्याची फाइल उतरवून घेतल्यावर तिची रुजुवात करावी. पेशवाईच्या दप्तरात हिशेबाचा कागद मूळ नोंदीशी ताडून पाहिल्यावर जसा रुजू होत असे, तसाच हा प्रकार आहे. डेबियन प्रत्येक फाइलसोबत तिची एसएचए-२५६ पद्धतीने काढलेली चौसष्ट अक्षरांची खूण प्रसिद्ध करते. आपल्याकडे आलेल्या फाइलवरून तीच खूण पुन्हा काढावी आणि दोन्ही जुळतात का ते पाहावे. कोट्यवधी अंकांत एक अंक इकडचा तिकडे झाला तरी खूण पार बदलून जाते. हे काम दोन मिनिटांचे आहे आणि बहुतेक लोक ते टाळतात; मग अर्ध्या वाटेवर काम थांबले म्हणजे दोष यंत्राला देतात. फाइल पेनड्राइव्हवर नुसती ठेवूनही चालत नाही, ती प्रतिमा म्हणून त्यावर उतरवावी लागते, आणि त्यात पेनड्राइव्हवरचे पूर्वीचे सारे पुसले जाते.

यंत्राची वीज काढून, हात एकदा उघड्या लोखंडाला लावून अंगातील स्थिर वीज उतरवून, मग आम्ही खोके उघडले. आत पंधरा वर्षांची धूळ होती, ती मऊ ब्रशाने काढली. रॅमच्या पट्टीची सोनेरी टोके काळवंडली होती. शाळकरी मुलांचे साधे पांढरे खोडरबर त्यांवर हलक्या हाताने फिरविले, की ती पुन्हा झळकू लागतात आणि 'चालू होते पण पडद्यावर काही येत नाही' ही तक्रार अनेकदा एवढ्यानेच मिटते. मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा सीआर २०३२ जातीचा तीन व्होल्टचा सेल असतो; वीस मिलिमीटर व्यासाचा हा सेल यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवतो. तो संपला होता, आणि म्हणून यंत्राच्या लेखी रोज सकाळी नव्याने २००९ साल उजाडत होते. संकेतस्थळे उघडत नाहीत ही बाईंची जुनी तक्रार होती, तिचे मूळ येथे निघाले : प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि ज्याच्या पंचांगात ती मुदत अजून सुरूच झालेली नाही तो संगणक ते प्रमाणपत्र नाकारतो. किराणा दुकानातही मिळणाऱ्या त्या सेलने हा प्रश्न सुटला.

मग जुनी डिस्क सोडवून बाजूला ठेवली आणि नवी जोडली. जुनी डिस्क जोडलेलीच ठेवून काम करणारे पुष्कळ आहेत, पण जी वस्तू खोक्यात नाही ती चुकून पुसली जाऊ शकत नाही, इतका साधा आणि खात्रीचा बंदोबस्त दुसरा नाही.

यंत्र सुरू होते तेव्हा काय घडते, हे येथे सांगितले पाहिजे. वीज येताच मदरबोर्डावरच्या चिपमधला बायोस हा छोटा प्रोग्राम जागा होतो, रॅम, कळफलक, पडदा यांची हजेरी घेतो, आणि मग नेमून दिलेल्या क्रमाने एकेका डिस्कचा पहिला तुकडा वाचतो. हा तुकडा अवघ्या ५१२ बाइटांचा. त्यातल्या पहिल्या ४४६ बाइटांत पुढची वाट दाखविणाऱ्या आज्ञा, नंतरच्या ६४ बाइटांत डिस्कच्या वाटणीचा चार ओळींचा तक्ता, आणि अखेरच्या दोन बाइटांत एक ठरावीक खूण. शिवकालीन पत्राच्या शेवटी मोर्तब उमटले म्हणजे मजकूर येथे पुरा झाला, असे समजत. त्याप्रमाणे ही दोन बाइटांची खूण जागेवर असेल तरच बायोस त्या तुकड्यावर विश्वास ठेवतो. वाटणीचा तो तक्ता म्हणजे डिस्कचा सातबारा होय. सातबारा फाडला म्हणून जमीन नाहीशी होत नाही, तसा हा तक्ता किंवा फाइलींची सूची पुसली म्हणून हार्ड डिस्कवरच्या फाइली त्याच क्षणी नाहीशा होत नाहीत. झटपट फॉरमॅट केवळ सूची बदलते, आणि म्हणूनच चूक ध्यानात येताच यंत्र तत्काळ बंद केले तर जाणकाराला पुष्कळ काही परत मिळविता येते. पण त्याच डिस्कवर नवी सिस्टीम बसविली, की नव्या धन्याने जुन्या शेतावर घर बांधल्यासारखे होते, आणि जेवढी जागा व्यापली गेली तेवढी कायमची गेली.

बायोसमध्ये जाऊन पेनड्राइव्हचा क्रमांक वर घेतला, डिस्कची पद्धत एएचसीआय ठेवली, आणि यंत्र पुन्हा सुरू केले. डेबियनचा पहिलाच प्रश्न भाषेचा असतो, आणि त्या यादीत मराठी आहे. बाईंनी स्वतः खाली सरकत जाऊन ते नाव निवडले, आणि पुढचा प्रश्न मराठीत आला तेव्हा खुर्ची जवळ ओढून त्या वाचू लागल्या. तोपर्यंत त्या दूर उभ्या होत्या. पुढचे सारे प्रश्न त्यांनीच वाचले आणि माझ्याशी बोलून उत्तरे दिली. दोन ठिकाणी मात्र मी त्यांना थांबविले. कोणती डिस्क वापरावयाची, असे विचारले जाते तेव्हा समोर पेनड्राइव्हचेही नाव दिसते. नावापेक्षा आकार पाहावा, २४० जीबीची ती डिस्क, १६ जीबीचा तो पेनड्राइव्ह. आणि शेवटी, वाट दाखविणाऱ्या आज्ञा कोठे लिहावयाच्या हा प्रश्न येतो तेव्हा पुन्हा तीच काळजी घ्यावी, नाहीतर पेनड्राइव्ह काढताच यंत्र मुके होते. यूपीएस चांगला असल्याची खात्री आधीच केली होती. दुपारच्या चहापूर्वी काम आटोपले.

खरे काम त्यानंतर आठवडाभर चालले. जुन्या फॉन्टांतील यादी युनिकोडमध्ये आणावयाची होती. जुन्या फॉन्टात अक्षरे हाताने लिहिल्याच्या क्रमाने साठविलेली असतात : 'शिवाजी' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि 'श' मागाहून, युनिकोडमध्ये 'श' आधी आणि वेलांटी नंतर. रफाराचे याच्या उलट. 'कार्य' या शब्दात जुन्या पद्धतीत रफार 'य'च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये 'र्' आधी यावा लागतो, आणि रूपांतर करणारा प्रोग्राम येथे चुकला की 'कायर्' असे विद्रूप रूप तयार होते. मराठी ग्रंथनामांत रफार किती आहेत, हे मला त्या आठवड्यात प्रथम नीट कळले. 'धमर्', 'वषर्', 'दशर्न' अशी रूपे शोधून शोधून दुरुस्त केली, आणि नंतर बाईंनी छापलेल्या प्रतीशी व कागदी दाखल नोंदवहीशी एकेक ओळ ताडून साऱ्या यादीची रुजुवात केली. त्या कामात वाचनालयात शिकत असलेल्या दोन मुलींनी त्यांना साथ दिली. आता कोणत्याही संगणकावर, कोणत्याही फोनवर ती यादी उघडते, आणि पुन्हा कधी सिस्टीम बदलली तरी फॉन्टावाचून ती वाचता येईल.

यंत्र आता बटण दाबल्यापासून मिनिटाभराच्या आत तयार असते. जुनी डिस्क पुसलेली नाही. तिच्यावर तारीख आणि आतील मजकुराची याद लिहिलेला कागद चिकटवून, कोरड्या डब्यात बंद करून ती हस्तलिखितांच्या कपाटात ठेवली आहे, आणि बाईंनी दाखल नोंदवहीत तिला पुस्तकांसारखाच एक क्रमांक दिला आहे.